डावीकडे दीड इंच

१२ जानेवारी

दुकानात नवी मापवही आली. जुनीची मागची पन्नासेक पानं कोरी राहिली होती, ती मी माझ्याकडे घेतली. छाती, कंबर, मुंढा, बाही असे रकाने छापलेत, त्यांच्यावरूनच लिहीन. लिहिणार काय, तर वन्संना तोंडावर बोलता येत नाही ते. गिऱ्हाइकासमोर आम्हा नणंद-भावजयींना भांडता येत नाही. घरी भांडावं तर हे मध्ये येऊन बसतात आणि बहिणीची बाजू घ्यावी की बायकोची या विचारात यांचा चहा निवून जातो. एवढी वर्षं पोटात ठेवून ठेवून माझं पित्त वाढलंय. आता दुपारी दुकान दोन तास बंद असतं तेव्हा इथे ओकत जाईन.

तर आजचं. वन्संचं स्वतःचं जाकीट मी तिसऱ्यांदा उसवलं. कापलं त्यांनी, शिवलं मी. घातलं की डावीकडे ओढतं आणि बटणाची पट्टी वाकडी होते.

"वहिनी, तुझी शिवण खेचतेय."

"शिवण सुतासारखी आहे, वन्सं. कापणी तिरकी आहे."

झालं! त्या तीन तास बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत ते एक बरं, पण कात्री अशी आपटत होत्या की समोरचा चष्मेवाला डोकावून गेला. मामंजींनंतर या दुकानात कात्रीला हात लावायचा मान एकट्या वन्संचा. त्यांची कापणी तिरकी म्हणणं म्हणजे काय, ते मला बोलल्यावर कळलं. पण मी माघार घेतली नाही.

१३ जानेवारी

आज सकाळी दुकान उघडायच्या आधीच त्या टेप घेऊन उभ्या. "घे माप. होऊन जाऊ दे."

आमच्याकडे मामंजींपासूनचा नियम आहे. स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही, वाकलं की माप बदलतं. एकीनं मोजायचं आणि मोठ्यानं सांगायचं, दुसरीनं लिहायचं. गिऱ्हाईक कितीही लाजलं तरी अर्धा इंचही खाली-वर करायचा नाही. टेपशी खोटं बोलायचं नाही, हे मामंजींचं शेवटपर्यंतचं टुमणं.

मी बेंबीपासून पाठीच्या कण्यापर्यंत दोन्ही बाजूंनी वेगवेगळं मोजलं. उजवीकडे चौदा. डावीकडे साडेपंधरा. पुन्हा मोजलं. साडेपंधरा.

माणूस दोन्हीकडून सारखा नसतो हे आम्हाला कोणी शिकवायला नको. एक खांदा खाली असतो, एक बाही लांब असते. पाव इंच, फार तर अर्धा. दीड इंच मी तीस वर्षांत पाहिला नव्हता.

वन्संनी वहीत लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुझी शिवणही सरळ आणि माझी कापणीही सरळ." चेहऱ्यावर जिंकल्यासारखा आनंद! मी मात्र टेप खाली ठेवली. मी हात लावून पाहिला, डाव्या फासळीखाली घट्ट लागलं. विचारलं, दुखतं का? म्हणे, "जेवण लवकर पुरतं एवढंच. वाचतंय तेवढं."

हातपाय आपटून मी त्यांना डॉक्टरकडे जायला लावलं.

२७ जानेवारी

चौदा दिवस वहीला हात लावला नाही. रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला, कमरेच्या हाडातून सुई घालून आतलं काढलं. आज मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं. रक्ताचा कॅन्सर.

डॉक्टर बाई तरुण आहेत, शांतपणे बोलतात. म्हणाल्या, हा सावकाश चालणारा प्रकार आहे. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्यात, म्हणून पानथरी, म्हणजे डावीकडची प्लीहा, सुजलीय, म्हणून ती डावी बाजू. पूर्वी याला काही नव्हतं, आता रोजची गोळी आहे. माणसं वर्षानुवर्षं कामं करतात, म्हातारी होतात. "पण रोजची म्हणजे रोजची. गोळी चुकत गेली की आजार डोकं वर काढतो, आणि मग कधीकधी तीच गोळी त्याला पुरत नाही."

मला एवढंच ऐकू आलं, कॅन्सर. हे तर भिंतीकडे बघत बसले. आणि आमच्या वन्संनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"डॉक्टर, कात्री धरता येईल ना?"

डॉक्टर हसल्या. "येईल."

"मग झालं तर," म्हणाल्या, आणि पर्स उचलली. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "तुझ्या स्कर्टची पट्टी निघालीय मागे. टाका घाल." मी जिन्यात रडले. त्यांनी पर्समधून सुई काढली आणि तिथल्या तिथे माझ्या पट्टीला टाका घातला. कुठल्या मातीची बाई आहे ही!

३ फेब्रुवारी

आजपासून गोळी. नाश्त्यानंतर दुकानात, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. वन्संनी गोळी हातात धरली आणि म्हणाल्या, "ये बाई, आता जन्माची सोबत आपली." आणि गिळून टाकली.

डॉक्टरांनी आज पानथरी मोजली ती बोटांनी! फासळीखाली चार बोटं, म्हणे. इतकं शिकून बोटं? मी सांगितलं, आम्ही टेपनं मोजलंय, दीड इंच. त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "शिवणकामाच्या टेपवर पकडलेली ही माझी पहिलीच पेशंट." वन्संनी छाती फुगवली. आल्यावर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं.

ठरलंय, दर सोमवारी मी माप घ्यायचं, वन्संनी लिहायचं.

१७ फेब्रुवारी

फरक सव्वा. पाव इंच उतरला! यांना फोन करून सांगितलं. हे पंपघरावर कामात होते, पलीकडून नुसतं "हं, हं" आलं. नंतर म्हणाले, डोळ्यांत काहीतरी गेलंय.

१० मार्च

फरक पाऊण.

हॉस्पिटलात आज गर्दी होती. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती, अंगावरचा कोट दोन माणसांचा वाटावा इतका सैल. उपचारांनी वाळली असणार. वन्संनी तिच्याकडे दोन मिनिटं बघितलं, मग उठल्या, "जरा उभ्या राहता का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पर्समधून टाचण्या निघाल्या आणि पाच मिनिटांत कोट असा बसला की बाईनं काचेच्या दारात स्वतःला वळून वळून पाहिलं. म्हणाली, "जादा कापड कापून टाका ना, आता कशाला हवंय."

वन्सं म्हणाल्या, "कापायचं नाही. आत दुमडून ठेवते. तुम्ही परत भराल तेव्हा उसवू."

ती बाई हसली. तिथं मी पाच वेळा तरी गेले असेन, तिथे कोणाला एवढं हसताना पाहिलं नव्हतं. खरं सांगते, इथे कोणी वाचणार नाही म्हणून सांगते, मला अभिमान वाटला.

माझा स्कर्ट हल्ली कमरेवर फिरतो, हुक पोटावर येतो. हुकं दळभद्री मिळतात आजकाल. पिन लावलीय.

२४ मार्च

गोळीचा त्रास सुरू झालाय. सकाळी वन्संचे डोळे सुजलेले असतात, पापण्या जड. आणि पेटके. पायात आले तर त्या नाचून दाखवतात, "बघ, या वयात नाच शिकतेय." पण आज हातात आला. शाळेचा गणवेश कापत होत्या. कात्री चालताचालता बोटं आकडली, ती सोडवेनात. कात्री पुढे गेली आणि स्कर्टाचा पुढचा भाग आडवा कापला गेला.

एक वीतभर कापड, त्यात काय मोठंसं. पण वन्संचा चेहरा असा झाला, तसा तो कॅन्सर म्हटल्यावरही झाला नव्हता. मी आकडलेली बोटं एकेक करून सोडवली. त्यांनी तो तुकडा घडी करून स्वतःच्या खणात ठेवला. त्यावर विनोद केला नाही.

हल्ली त्या माझ्याकडे मध्येच डोळे बारीक करून बघत राहतात. सूज आहे ना, त्यामुळे दिसत नसेल नीट.

५ मे

तीन महिन्यांची तपासणी. त्या आजाराचा म्हणून एक आकडा असतो, तो शंभरावरून खाली यायला हवा. आठ आला! डॉक्टर म्हणाल्या, उत्तम, सहा महिन्यांना एकाच्या आत आणू. टेपवरही फरक पाव. पाव इंच तर कुठल्याही माणसात असतो!

येताना वन्संनी मला आणि यांना आइसक्रीम खायला घातलं. हे म्हणाले, "ताई, तू जिंकलीस." त्या म्हणाल्या, "अजून शिवायला घेतलंय नुसतं, काज-बटण बाकी आहे." माझं आइसक्रीम यांनीच संपवलं. मला नको वाटलं.

१९ मे

बँडमास्तर आले होते. भारदस्त माणूस, बोलतानाही हातानं ठेका धरतो. त्यांच्या बँडची चौसष्ट जाकिटं. गडद निळं लोकरीचं कापड, अंगाबरोबर बसलेली, पितळी बटणं, सप्टेंबरात हवीत. कापड त्यांनीच आणलंय, एकाच घाण्यात, एकाच वेळी रंगवलेले तागे. चुकलं तर तो रंग पुन्हा मिळायचा नाही.

मी टेबलाखालून वन्संचा पाय दाबला, नको म्हणा. त्यांनी माझा पाय बाजूला सारला. "देऊ," म्हणाल्या.

बँडमास्तर गेल्यावर मी कडाडले. हात आकडतोय आणि चौसष्ट जाकिटं? त्या शांत. "वहिनी, मी नाही म्हटलं तर उद्या सगळ्या बाजारात होईल की बाईला आता जमत नाही. मग गणवेशही येणार नाहीत. मग मी काय करू, गोळीची वाट बघत बसू?"

मला कापता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या होत्या. मामंजींनी काही न बोलता माझ्या हातातली कात्री घेतली. तेव्हापासून मी आणि मशीन.

९ जून

कापणीचे वार ठरलेत, मंगळवार आणि शुक्रवार. आणि एक नवल सांगते. त्या दोन दिवशी वन्संना पेटका येतच नाही! सोमवारी बोटं वाकडी, बुधवारी दुपारपासून पुन्हा वाकडी, पण मंगळवारी कात्री अशी जाते जसं पाण्यावरून बोट. याला म्हणतात मनाचा निग्रह. मी विचारलं, कसं जमतं? म्हणे, "हाताला दटावून ठेवते." धन्य आहे बाई!

गोळ्याही पुरून उरतात. महिना संपला तरी पाकिटात आहेतच. हॉस्पिटलवाले जास्तीच्या देत असणार, चांगली माणसं आहेत.

३० जून

फरक अर्धा.

मी तीनदा टेप लावली. अर्धाच.

वन्सं पेन धरून उभ्या होत्या. चेहरा इतका उमेदीचा, ओठांवर पुढचा विनोद तयार. एकोणतीस जाकिटं कापून झालीत, एक धागा इकडचा तिकडे नाही. मला काय झालं कोण जाणे. मी मोठ्यानं म्हटलं, "पाव."

त्यांनी लिहिलं. पाव. म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं? काही होत नाही." आणि गुणगुणत खडूला टोक करायला बसल्या.

काही होत नाही म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. जेवण जास्त झालं असेल आज. पोट फुगलं असेल. अर्ध्या इंचासाठी बाईची उमेद कशाला मारायची? पण दिवसभर मामंजींच्या तसबिरीकडे बघवलं नाही.

१४ जुलै

पाऊण आहे. पाव सांगितलं.

वन्सं आता आठवड्यातून चार दिवस कापतात. चारही दिवस पेटका नाही. थकलेल्या मात्र दिसतात, जेवण पुन्हा अर्ध्यावर आलंय. मी म्हटलं, इतकं काम नका घेऊ अंगावर. तर म्हणे, "माप तर पावच आहे ना? मग?"

पितळी बटणांचा डबा त्या मला उघडू देत नाहीत, मोजून ठेवलीत म्हणे. ठेवा बापडी. माणूस आजारी असलं की असं एकेक धरून बसतं.

हे विचारत होते, तू जेवतेस का नीट? म्हटलं, दुकानात खाते. स्कर्टाला आता दोन पिना लागतात.

४ ऑगस्ट

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सहा महिन्यांचा आकडा. एकाच्या आत हवा होता. बारा आला.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "गोळी चुकतेय का?"

वन्सं म्हणाल्या, "छे!" आणि मी, मी शहाणी, खुर्चीतून उठून बोलले, "डॉक्टर, माझी नणंद एक वेळ श्वास घ्यायची विसरेल, गोळी विसरायची नाही!"

डॉक्टरांनी वन्संना झोपवलं आणि फासळीखाली बोटं ठेवली. दोन बोटं लागली. "पानथरी परत वाढलीय."

वन्सं ताडकन उठून बसल्या. "शक्यच नाही. माप पाव आहे. मे महिन्यापासून पावच. वहिनी घेते ना माप! सांग की गं."

मी खाली बघितलं.

"वहिनी?"

"सव्वा आहे," मी म्हटलं. "मागच्या सोमवारी सव्वा होता."

डॉक्टर आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघी जरा बाहेर जा. आपसात काय ते ठरवा आणि एकच खरं घेऊन आत या."

व्हरांड्यात खिडकीपाशी उभ्या राहिलो. वन्संचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "तू टेपशी खोटं बोललीस?"

"तुमचा चेहरा बघून सांगवेना मला."

"अगं, मी त्या पाववर विसंबून होते! कापणीसाठी गोळी टाळत होते मी. आधी सोमवारची-गुरुवारची चुकवून बघितली, दुसऱ्या दिवशी हात मोकळा राहिला. मग वाढवत गेले. दर वेळी वाटायचं, हे पाप आहे. आणि दर वेळी तू सांगायचीस, पाव. म्हटलं, चालतंय."

हाताला दटावून ठेवते म्हणे! आणि मी वेडी इथे निग्रहाचे गोडवे गाऊन बसलेय. कुठे आहेत त्या गोळ्या, विचारलं. बटणांच्या डब्यात. मोजलेल्या. एकतीस.

मग मी भांडले. आयुष्यात इतकी भांडले नसेन. म्हटलं, जाकिटं मोठी की जीव मोठा? वन्सं म्हणाल्या, "कात्री गेल्यावर उरते कोण, ते मला माहीत नाही, वहिनी." आणि रडल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा. मी त्यांना धरलं, कोण कोणाला सावरतंय कळेना. शेजारून एक वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन गेला, म्हणाला, "बाई, जरा बाजूला."

आत जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पेटक्यांचं मला आधी सांगायचं, त्याला उपाय असतात. आता एक चाचणी करायची. आजारानं या गोळीला दाद देणं बंद केलंय, की गोळी पोटातच गेली नाही म्हणून हे झालंय, ते कळेल. दोन आठवडे लागतील.

ही गोळी हातची गेली तर ती माझ्या एका शब्दानं गेली. पाव. एवढाच शब्द.

१० ऑगस्ट

वन्सं रोज गोळी घेतात, माझ्यासमोर, जीभ बाहेर काढून दाखवतात. हात रोज आकडतो. कापणी बंद आहे. बारा जाकिटं कापायची बाकी.

आज त्यांनी कापड टेबलावर पसरलं, खडूनं सगळं आखलं आणि कात्री माझ्यापुढे धरली. "घे."

"मी? दोन डाव्या बाह्या विसरलात?"

"मी एकतीस गोळ्या लपवल्या, तू सव्वाचा पाव केलास. त्यापुढे दोन बाह्या काय घेऊन बसलीस?"

कात्री जड आहे, मामंजींच्या वेळची. वन्सं शेजारी उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून, मध्ये पडायचा मोह होऊ नये म्हणून. मला ठाऊक आहे त्यांना ते किती जड गेलं असेल. नुसतं म्हणत होत्या, "रेघेच्या बाहेरून. श्वास घे. कात्री पूर्ण मिटू नको. हां."

पहिला मुंढा कापायला मला वीस मिनिटं लागली. बाह्या तीन-तीनदा अंगाला लावून पाहिल्या. एक डावी, एक उजवी! वन्संनी टाळ्या वाजवल्या तर बोटं तिथेच आकडली, मग हसून हसून दोघींची पुरेवाट.

१९ ऑगस्ट

फोन आला. गोळीचा गुण गेलेला नाही. गोळी फक्त पोटात गेली नव्हती! तीच गोळी पुढे चालू, आणि पेटक्यांवर दुसरं काहीतरी दिलंय.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि आतमध्ये खाली बसले. वन्सं म्हणाल्या, "दुपारचं गिऱ्हाईक जाईल." मग स्वतःच येऊन शेजारी बसल्या.

२० सप्टेंबर

चौसष्ट जाकिटं गेली. बँडमास्तरांनी प्रत्येकाला घालून पाहिली. मी कापलेली बारा कुठली, ते त्यांना ओळखता आलं नाही. वन्संना आलं. "तुझा मुंढा अंमळ घाबरट आहे," म्हणाल्या. "पण नीट बसतो."

त्यांच्या हातातला खडू आता दिवसभर चालतो. हात बरा असला तर कात्रीही घेतात. बोटं आखडायला लागली की कात्री माझ्याकडे सरकवतात, बोलतही नाहीत, आणि पुढची रेघ आखायला घेतात. इतक्या सहज सोडता येतं हे मला माहीत नव्हतं. सहज नसेलच. मला तसं दिसू देतात एवढंच.

३ नोव्हेंबर

आकडा दोन. डॉक्टर म्हणाल्या, अजून एकाच्या आत यायचाय, पण वाट बरोबर धरलीय. बोटांना पानथरी लागली नाही. वन्सं म्हणाल्या, "तुमच्या बोटांचं ठीक आहे, दुकानात टेप लावू मग कळेल."

दुकानात आल्याआल्या माप. उजवीकडे चौदा. डावीकडे सव्वाचौदा. मी मोठ्यानं सांगितलं. त्यांनी पेन उचललं नाही.

"खरं?"

"घ्या, स्वतः बघा. टेप सोडत नाही मी."

त्यांनी वाकून, टेपवर बोट ठेवून बघितलं. वाकल्यावर माप बदलतं, पण मी काही बोलले नाही. मग लिहिलं. जानेवारीतलं जाकीट काढलं, डाव्या शिवणीत मी तेव्हा घातलेली जादा पट्टी उसवली आणि टाके घातले. बटणाची पट्टी सरळ उभी राहिली. त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाल्या, "तिरकी म्हणे कापणी."

मी टेप गुंडाळायला घेतली तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"सरळ उभी राहा. आता तू."

"माझं कशाला? मला काय झालंय?"

"हात वर."

कंबर मोजली. मोठ्यानं म्हणाल्या, "साडेअठ्ठावीस." मग मापवहीचं एक मागचं पान उघडलं. वर माझं नाव. खाली पेन्सिलीनं तारखा. फेब्रुवारी, चौतीस. मार्च, तेहतीस. मे, बत्तीस. जुलै, तीस. ऑगस्टपुढे एकोणतीस आणि प्रश्नचिन्ह.

"हे कधी मोजलंत?"

"मोजलं नाही. बघून लिहिलं, म्हणून पेन्सिलीनं. चाळीस वर्षं मापं घेतेय, अर्ध्या इंचापलीकडे डोळा चुकत नाही माझा. माझं अंग मोजत बसलीस आणि तुझं कोणी मोजायचं? भावाला म्हटलं होतं लक्ष ठेव, तर तो मला म्हणतो, ताई, ती दुकानात खाते."

तेव्हा मला कळलं, सुजलेल्या डोळ्यांनी त्या इतका वेळ काय बघत असायच्या. हुकं दळभद्री मिळतात, असं मी या वहीत लिहून बसलेय. मला रडू आवरेना. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला वन्संनी सांगितलं, पाच मिनिटांनी या, आमचं माप चाललंय.

मग त्यांनी माझ्या स्कर्टाच्या दोन्ही पिना काढल्या, दोन्ही बाजूंनी घेतलं आणि स्वतः शिवून दिलं. आतून चाचपून पाहिलं. पाच-साडेपाच इंच कापड सगळं आत दुमडलेलं होतं, कात्री लावली नव्हती.

पेन्सिलीच्या खाली त्यांनी पेनानं लिहिलं, साडेअठ्ठावीस. शेजारच्या पानावर त्यांचं, सव्वाचौदा. आणि दोन्ही पानांवर पुढच्या फेब्रुवारीची, त्याच्या पुढच्या फेब्रुवारीची, आणि त्याच्याही पुढच्या फेब्रुवारीची तारीख घालून ठेवली. पान भरेपर्यंत घालत गेल्या. मी साल सांगत होते, त्या लिहीत होत्या.